जकात: नाक्यावरची आणि तिजोरीतली

'जकात' हा शब्द मराठी माणसाला नाक्यावरून माहीत आहे. शहराच्या वेशीवर थांबलेल्या ट्रकच्या रांगा, पावत्या फाडणारा कारकून आणि शेवटी दुकानदाराने मालाच्या भावात मिळवलेली ती रक्कम. बहुतेक महापालिकांतून ही जकात टप्प्याटप्प्याने गेली. मुंबईत ती १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा संपली. काही शहरांत 'जकात नाका' हे थांब्याचे नाव तेवढे उरले आहे.

रमजानमध्ये मुस्लिम घरांत जिचा हिशेब मांडला जातो, ती जकात म्हणजे याच शब्दाचे मूळ. पण दोघींचा स्वभाव अगदी उलटा. नाक्यावरची जकात वेशीतून आत येणाऱ्या मालावर होती, त्यामुळे तिचा भार अखेर गिऱ्हाइकावर पडायचा. साबणाची वडी घेणारा हमाल आणि बंगलेवाला सारखेच भरायचे. मूळची जकात खर्चावर नाही, साठ्यावर आहे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तेवढ्या किमतीची रोकड अथवा विक्रीचा माल जवळ असेल आणि त्यावर एक चांद्रवर्ष उलटले असेल, तर त्याचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, द्यावाच लागतो. या मर्यादेला 'निसाब' म्हणतात. राहते घर, अंगावरचे कपडे, कारागिराची हत्यारे यात धरली जात नाहीत. निसाबाच्या खाली असलेल्याकडून काही घ्यायचे नाही. तो गरजू असेल तर त्यालाच द्यायचे.

अरबीतून मराठीत येता येता या शब्दाचा भार धनिकाच्या तिजोरीवरून गिऱ्हाइकाच्या पिशवीवर आला. खेदाची गोष्ट ही, की आपली करव्यवस्थाही त्याच वाटेने गेली आहे.

स्वतंत्र भारतात १९५३ मध्ये वारशावरचा मृत्युकर आला आणि १९५७ मध्ये संपत्ती कर. मृत्युकर १९८५ मध्ये गेला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला आणि त्याऐवजी एक कोटीहून अधिक उत्पन्नावर दोन टक्के जादा अधिभार लावला गेला. पुढे २०१९ मध्ये कंपन्यांच्या कराचा मूळ दर सवलती सोडणाऱ्यांसाठी ३० वरून २२ टक्क्यांवर आला. २०२३ मध्ये नव्या करप्रणालीतला सर्वोच्च अधिभार ३७ वरून २५ टक्के झाला, म्हणजे सर्वाधिक कमावणाऱ्यांचा दर ४२.७४ वरून ३९ टक्क्यांवर उतरला. ईदच्या शीरखुर्म्यातल्या साखरेवरचा ५ टक्के जीएसटी मात्र मोलकरणीला आणि तिच्या मालकिणीला एकच आहे.

संपत्ती कर रद्द करताना कारण सांगितले गेले, की त्यातून फारसे मिळत नाही. २०१३-१४ मध्ये देशभरातून जेमतेम १,००८ कोटी रुपये आले होते. आकडा खरा आहे, पण तो इतका लहान का राहिला? १९९३ पासून शेअर आणि बँकेतल्या ठेवी या करातून वगळल्या होत्या. राहिले दागिने, मोटारी, शहरातली मोकळी जमीन असे काही. मोठ्या धनिकांचे धन असते मुख्यतः शेअरमध्ये. जे मोजायचे तेच सोडून दिले आणि मग वजन भरत नाही म्हणून तराजूच मोडीत काढला.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. १९७३-७४ मध्ये आयकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये हाती उरणार असतील, तर माणूस हिशेब लपवायला शिकतो. म्हणून 'श्रीमंतांकडून ओरबाडून घ्या' असे म्हणणे नाही. जकातीचा धडा वेगळाच आहे: दर लहान, पाया रुंद आणि बड्यांनाही सूट नाही.

यावर कोणी म्हणेल, श्रीमंत लोक दानधर्म करतातच की. करतात, आणि त्याचे मोल आहेच. पण आमच्याकडे 'सदका' आणि 'जकात' यांत फरक केला जातो. सदका खुशीचा, जकात सक्तीची. कुरआनच्या शिकवणीत श्रीमंताच्या मालात वंचिताचा ठरलेला हक्क असतो, आणि धन केवळ धनवंतांतच फिरत राहू नये ही ताकीद आहे. देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, करदात्याची लागत नाही. म्हणूनच कराच्या पैशावर चालणाऱ्या दवाखान्यात गरिबाला कोणापुढे मान झुकवावी लागत नाही.

हा विचार महाराष्ट्राला परका नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी हेच दुखणे मांडले होते: महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरच्या खर्चाचा लाभ मिळतो वरच्या वर्गाला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना रुजली, तेव्हा तिच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराने भरायचे आणि खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचे. पैसा कोणासाठी घेतला जातोय हे सगळ्यांना ठाऊक होते. जकातीच्या खर्चाचेही आठ वाटे नेमून दिलेले आहेत ते याचसाठी. 'कराचा पैसा खाल्ला जातो' या तक्रारीवर खरा उपाय हाच आहे, कर बुडवणे नव्हे.

पण त्याच व्यवसाय कराची आजची गत पाहा. घटनेने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. ती १९८८ मध्ये ठरली आणि अजून तिथेच आहे. फेब्रुवारीच्या पगारातून २०० ऐवजी ३०० रुपये कापले जातात, तो हाच कर. महिना पंधरा हजारांवर राबणारा कामगार आणि महिना पंधरा लाख घेणारा अधिकारी, दोघेही वर्षाला अडीच हजारच भरतात. निसाब पूर्ण करणाऱ्या माणसाला एक लाखाच्या शिलकीवर जकातही अडीच हजारच बसते. एक कोटी असतील, तर मात्र अडीच लाख.

आमच्या घरातलेही बोलायला हवे. वर्ष भरायच्या आदल्या दिवशी दागिने बायकोच्या नावे करायचे आणि जकातीतून सुटायचे, अशा पळवाटेला 'हीला' म्हणतात. नोटिशीपुरते पळता येते, नियतीपुढे नाही. आणि जकात दिली म्हणजे सरकारी कर बुडवायला मोकळीक मिळाली, असेही नाही. पावतीविना रोखीत धंदा करणाऱ्याने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, सरकारी शाळेच्या गळक्या छपराबद्दल बोलू नये.

राज्याने कोणाचा धर्मनियम उचलावा, असे कोणी म्हणत नाही. मागणी साधी आहे. कित्येक कोटींच्या वरच्या संपत्तीवर, शेअर धरून, वर्षाला एक-दोन टक्के कर असावा. मोठ्या वारशावर माफक कर असावा. व्यवसाय कराची मर्यादा उठवून तो कमाईच्या पायऱ्यांनी लावावा. आणि हा पैसा शाळा, दवाखाने आणि रोजगार हमीसाठी राखून ठेवावा. धनिक देश सोडून जातील ही भीती नेहमी घातली जाते; पण जमीन, कारखाने आणि इथल्या कंपन्यांतली मालकी सामानात बांधून नेता येत नाही.

वर्षभरात कमावले किती, हे विचारणारा आयकर आपल्याकडे आहे. एकूण साठवले किती, हे विचारणारा कर आज देशात नाही. तो परत आणण्याची वेळ झाली आहे.