कचारगडचा वासंतिक धूर

माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड बांधव सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेत पारी कुपार लिंगोच्या दर्शनास येतात. यात्रा पांगते, फाल्गुन लागतो आणि आसपासच्या रानांत वणव्यांचे दिवस येतात. मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो. तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. वारा पडलेल्या रात्री थंड, जड हवा दरीत साचते, धूर तिच्यात कोंडतो आणि भल्या पहाटे मोह वेचणाऱ्या मायभगिनींच्याच छातीत भरतो. दिल्लीच्या धुरक्यावर रकाने भरतात. हा धूर कुणाच्या खिजगणतीत नाही. वनवासी बांधवांना आरोपी ठरविणे सोपे आहे. वनखात्याने त्याऐवजी फाल्गुनापूर्वी घरोघरी जाळ्या पोचवाव्यात. झाडाखाली बांधलेल्या जाळीवर पडलेले फूल मातीवाचून स्वच्छ राहते आणि पाचोळा जाळण्याचे कारणच उरत नाही.