खेळणाऱ्या पोराचा खुराक कुणी द्यायचा?

अमेरिकेत महाविद्यालयाच्या संघातून खेळणाऱ्या मुलांना पैसे द्यावेत की नाही, यावर कितीतरी वर्षं वाद चालला. २०२१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य असा निकाल खेळाडूंच्या बाजूने दिला. त्याच वर्षी त्यांना जाहिरातींतून कमावण्याची मोकळीक मिळाली. आणि जुलै २०२५ पासून तर संस्थाच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागल्या, एकेका संस्थेला वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत! तिकडे राहणारा माझा भाचा म्हणतो, "मामा, शिक्षण राहिलं बाजूला, नुसता बाजार झालाय." आमच्या फिरायला येणाऱ्या मंडळींतले एक निवृत्त प्राचार्यही हेच म्हणतात. मला मात्र दोघांचंही पटत नाही.

प्राचार्यांचा एक मुद्दा मान्य. आपल्याकडे महाविद्यालयाचे सामने बघायला तिकीट काढून कोणी येत नाही, त्यामुळे वाटून घ्यायला कमाईच नाही. म्हणून मी पगार मागतच नाही. पण पोरगं पहाटे उठून पळतं, त्याला दूध-अंडी लागतात, बूट लागतात, सरावासाठी तालुक्याला जायला एस.टी.चं भाडं लागतं. हा खर्च आजही कोणीतरी करतंच की! तो करतो कापूस-सोयाबीनवर घर चालवणारा बाप. ढाल मात्र महाविद्यालयाच्या कपाटात जाते.

हे आजचं नाही. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, आणि परत आल्यावर कुस्त्या करून ते पैसे फेडले. आपण ही गोष्ट वर्गात मोठ्या अभिमानाने सांगतो. खर्डेकरांना माझा नमस्कारच आहे. पण प्राचार्याला घर गहाण ठेवावं लागलं, ही व्यवस्थेने लाज वाटून घ्यावी अशी गोष्ट आहे, हे का सांगत नाही?

"पैसा आला की खेळाचं पावित्र्य जातं," असं म्हणतात. हे पावित्र्य आलं कुठून ते तरी बघा. इंग्लंडात हेन्लेच्या नौकाशर्यतीच्या १८७९ च्या नियमांत कारागीर आणि मजूर यांना 'हौशी' खेळाडू मानायलाच नकार होता. ज्यांना पोटाची चिंता नाही त्यांनीच खेळावं, असा तो मामला! आपली रीत अशी नव्हती. यात्रेतल्या फडात कुस्ती मारली की इनाम मिळायचं, आणि ते घेताना पैलवानाची मान खाली जात नसे. शाहू महाराजांनी पैलवान पोसले, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान बांधलं. आमच्या राजूरला अंगारकीला लोक गावोगावहून पायी येतात, वाटेत लोक त्यांना फराळ-पाणी देतात. फराळ दिल्याने त्यांची भक्ती बाटेल, असं कोणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

बरं, विद्यार्थ्याच्या कष्टाला मोबदला देणं आपल्या शिक्षणसंस्थांना नवीन आहे का? कर्मवीर भाऊरावांनी 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला, आज विद्यापीठं त्याच नावाने योजना चालवतात. महाविद्यालयाच्या बागेला पाणी घालणाऱ्या मुलाला तासाचे पैसे मिळतात. त्याच महाविद्यालयाचं नाव छातीवर लावून धावणाऱ्या मुलाला का मिळू नयेत? याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

"त्यांना गुण मिळतात, नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे," असं सांगतात. दहावी-बारावीला पंचवीसपर्यंत गुण मिळतात, खरं आहे. पण गुण जेवणात वाढता येत नाहीत. आरक्षण पदकानंतरचं, आणि त्यातही बनावट प्रमाणपत्रवाले घुसले, हे आपण वाचलंच. 'खेलो इंडिया'त निवड झालेल्यांना महिना दहा हजार मिळतात, उत्तमच. पण निवड होईपर्यंत टिकायचं कशावर? शेजारच्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि धावपटू म्हणून तिथेच घडला. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं. सैन्याला जे जमतं, त्यातलं थोडंसंही महाविद्यालयांना जमू नये?

माझा एक विद्यार्थी होता, कबड्डीत चढाईला गेला की मैदान गप्प व्हायचं. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात त्याचा गुडघा गेला. वार्षिक अंकात त्याचा फोटो आला, शस्त्रक्रियेसाठी बापाने बैल विकला. महाविद्यालयाचं नाव घेत नाही. दुसरं कुठलं असतं तरी फार वेगळं घडलं असतं असं वाटत नाही.

पैसे दिले तर खेळाडूंची पळवापळवी होईल, नावापुरते प्रवेश होतील, ही भीती मात्र खोटी नाही. शुल्कमाफीच्या आमिषाने ती आजही होते. म्हणून रक्कम महाविद्यालयाने ठरवूच नये. विद्यापीठाने संघात निवडलेल्या प्रत्येकाच्या खात्यावर थेट जमा करावी. मुलगा असो वा मुलगी, क्रिकेट असो वा खो-खो, दर एकच. हजेरी आणि उत्तीर्ण होण्याची अट घाला, माझ्यातला मास्तर त्याला आनंदाने मान डोलावेल. आणि खेळताना झालेल्या दुखापतीचा विमा असावा, पूर्ण बरं होईपर्यंतचा. पैसा कुठून आणायचा? प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याकडून क्रीडा शुल्क घेतलं जातंच. ते कशावर खर्च होतं, याचा हिशेब दरवर्षी फलकावर लावा. तिथून सुरुवात करू, कमी पडलं तर शासनाकडे मागू.

आपल्या घरात, नात्यात कोणी महाविद्यालयात खेळत असेल, तर यंदा एवढा एक हिशेब जरूर मागा. आणि माझं म्हणणं पटलं नसेल तर तेही बिनधास्त कळवा. प्राचार्यांशी रोज सकाळी भांडतोच आहे, आणखी एकाची भर पडली तर बिघडत नाही!