तो माठ नाही, रेडिएटर आहे!

नवा पीसी बिल्ड करायचा म्हटलं की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ठरवायला दोन महिने लागतात आणि कूलर मात्र दोन मिनिटांत ठरतो. काचेच्या कॅबिनेटमध्ये तीन पंखे एका रांगेत चमकताना दिसले की ‘आपल्याला पण हाच पाहिजे’ असं होऊन जातं. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार विचारतो, ‘लिक्विड टाकू ना?’ आणि आपण मान डोलावतो. हे पैसे बहुतेक वेळा घरून आलेले असतात, नाहीतर स्टायपेंडमधून महिनोन्महिने साठवलेले. म्हणून मित्रांनो, मान डोलावण्याआधी जरा थांबा.

आधी हे यंत्र करतं काय ते बघू. विदर्भ-मराठवाड्यातल्या दोस्तांना ‘कूलर’ म्हटलं की खिडकीत बसवलेला, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आठवेल. त्यात पाण्याचं बाष्पीभवन होतं, म्हणून बाहेरच्या हवेपेक्षा गार हवा आत येते. माठातलं पाणीही तसंच गार होतं. पीसीच्या ‘ऑल-इन-वन’ लिक्विड कूलरमध्ये यातलं काहीच घडत नाही. तो सीलबंद असतो. प्रोसेसरवर टेकलेली तांब्याची प्लेट उष्णता घेते, छोटासा पंप आतला द्रव नळ्यांतून रेडिएटरकडे ढकलतो आणि तिथे पंखे ती उष्णता हवेत सोडतात. उष्णता नाहीशी होत नाही, फक्त तिची जागा बदलते. त्यामुळे हा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली कधीच नेऊ शकत नाही.

ही गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. परदेशी रिव्ह्यूमधली टेस्ट बहुतेकदा २०-२५ अंशांच्या एसी खोलीत झालेली असते. समजा तिथे २४ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० अंशांवर थांबला. म्हणजे फरक ४६ अंशांचा. तोच प्रोसेसर, तोच कूलर, पंख्यांचा वेग तोच. पण खोली नागपूरची, महिना मे आणि आतलं तापमान ३८. फरक साधारण तेवढाच राहतो, म्हणजे प्रोसेसर जाणार ८४ च्या आसपास. रिव्ह्यू बघताना आकड्यातून खोलीचं तापमान वजा करा आणि आपल्या खोलीचं मिळवा. अर्ध्या जाहिराती तिथेच गार पडतील.

आता मुख्य प्रश्न. तुमच्या प्रोसेसरला याची गरज आहे का? बाइकचं उदाहरण घ्या. स्प्लेंडरला रेडिएटर नसतो, ड्यूक ३९० ला असतो. स्प्लेंडर गरीब बिचारी म्हणून नव्हे, तर तिच्या इंजिनाला वाऱ्यावरच भागतं म्हणून. प्रोसेसरचंही तसंच असतं आणि इथे मोजमाप वॅटमध्ये होतं. रायझन ५ ७६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर. पूर्ण जोर लावला तरी त्याची मर्यादा ८८ वॅटची आणि बॉक्समध्ये कूलर सोबतच येतो. कोअर आय५ १२४०० जास्तीत जास्त ११७ वॅटपर्यंत जातो, त्याच्याही बॉक्समध्ये कूलर असतो. याउलट कोअर आय९ १४९००के हा २५३ वॅटपर्यंत चढतो. पहिल्या दोघांवर ३६० चा रेडिएटर बसवणं म्हणजे स्प्लेंडरला रेडिएटर वेल्ड करून घेणं. तिसऱ्याला तो खरंच लागतो.

‘पण टेम्परेचर ९० दाखवतंय की!’ हा नेहमीचा घाबरलेला प्रश्न. आजचे प्रोसेसर एका मर्यादेपर्यंत तापतात आणि मग स्वतःच वेग कमी करतात. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरसाठी ती मर्यादा ९५ अंश आहे आणि तिथवर जाणं हे त्यांच्या डिझाइनमध्येच धरलेलं आहे, असं एएमडीने जाहीरपणे सांगितलंय. त्यामुळे नुसतं तापमान बघू नका. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका, तुमचं नेहमीचं काम अर्धा तास करा आणि वॅट किती जातात, वेग पडतोय का, ते बघा. वेग पडत नसेल तर नवा कूलर काहीही वेगवान करणार नाही. पडत असेल तरी आधी बायोसमधला इको मोड करून बघा. गेम खेळताना फरक सहसा जेमतेम जाणवतो आणि खर्च शून्य.

मधला रस्ताही आहे. दोन टॉवरचा, सहा हीट पाइपचा एअर कूलर. गंमत म्हणजे त्या तांब्याच्या नळ्यांच्या आतही थोडं पाणी असतं. ते गरम टोकाला वाफ होतं, थंड टोकाला पुन्हा पाणी होतं आणि पंपाशिवाय फिरत राहतं. मधल्या ताकदीचा प्रोसेसर हा कूलर आरामात सांभाळतो. पुढेमागे बिघडलाच तर पंखा, तो काही शे रुपयांत बदलता येतो. लिक्विड कूलरचा पंप गेला की अख्खा कूलर गेला.

मग लिक्विड कुणी घ्यावा? ब्लेंडरमध्ये तासन्‌तास रेंडर करणाऱ्यांनी, मोठे प्रोजेक्ट कंपाइल करणाऱ्यांनी, सगळे कोअर रात्रभर राबवणाऱ्यांनी. दरवर्षी हॉस्टेल बदलत पीसी बसने नेणाऱ्यांचाही मुद्दा खरा आहे. किलोभर वजनाचा टॉवर खड्ड्यांत मदरबोर्डवर ताण देतो. आणि दिसतो छान म्हणून घ्यायचा असेल, तर तसं म्हणून घ्या. हौसेला मोल नसतं. फक्त ‘परफॉर्मन्ससाठी लागतो’ असं घरी सांगू नका.

घ्यायचाच ठरला, तर चार गोष्टी तपासा. एक, जागा. रेडिएटर साधारण २७ मिलिमीटर आणि पंखा २५, म्हणजे वरच्या बाजूला ५२ मिलिमीटर लागणार; तिथे रॅम आडवी येते का ते मोजा. दोन, सॉकेटचं ब्रॅकेट बॉक्समध्ये आहे का. तीन, वॉरंटी. वर्षं किती, हे तर बघाच, पण गळती होऊन बाकीचे पार्ट खराब झाले तर भरपाई मिळते का आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हेही विचारा. चार, बसवण्याची जागा. आतली हवा नेहमी सर्वांत वरच्या टोकाला जमते. ते टोक पंपाचं असलं तर पंप खडखडतो आणि लवकर थकतो. रेडिएटर वर लावला तर हा प्रश्नच येत नाही. पुढे उभा लावलात तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच ठेवा.

आणि पैसे वाचले तर? ते एसएसडीत घाला, रॅम वाढवा, चांगला पॉवर सप्लाय घ्या. सकाळी पीसी चालू केल्या केल्या फरक दिसेल. नाहीतर सरळ खोलीसाठी एक एक्झॉस्ट फॅन घ्या. मे महिन्यात प्रोसेसरही गार राहील आणि त्याच्यासमोर बसलेले तुम्हीही.