ताम्हिणी दाखवून झालं, पुढे?

पावसाळा आला की आपल्या वर्गातल्या परदेशी मित्रमैत्रिणींना आपण एका ठरलेल्या रूटवर नेतो. पिरंगुटला मिसळ, मग पौड, मुळशीचा तलाव, ताम्हिणीत धबधब्याखाली ग्रुप फोटो. येताना भाजलेलं कणीस. रात्री स्टोरी पडली की आपला पाहुणचार संपला. सोमवारी तोच मित्र कॅन्टीनमध्ये एकटा बसलेला असतो.

टोचेल कदाचित, पण आपण त्यांना नुसतं फिरवतो. इथे रुळायला मदत करत नाही.

आज लवळ्याच्या टेकडीवर कॅम्पस असलेल्या सिंबायोसिसची सुरुवात कशी झाली, माहितीये? डॉ. शां. ब. मुजुमदार तेव्हा फर्ग्युसनमध्ये बॉटनी शिकवायचे आणि होस्टेलचे रेक्टर होते. एक मुलगी मुलांच्या होस्टेलच्या खिडकीतून आत काहीतरी देताना त्यांना दिसली. त्यांना आला तो संशय तुम्हालाही आला असेल. चौकशी केली तर आत मॉरिशसचा एक मुलगा काविळीने पडलेला, आणि ती त्याला जेवण देत होती. त्यातून १९७१ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी ही संस्था उभी राहिली. या गोष्टीत सिंहगड नाही, शनिवारवाडा नाही. डबा आहे.

आमच्या वर्गातल्या येमेनी मित्राला गेल्या वर्षी आम्ही असंच ताम्हिणीला नेलं. आल्यावर त्याला ताप भरला. चार दिवस तो भाड्याच्या खोलीत पडून होता आणि आमच्यापैकी कुणी साधा फोन केला नाही. बरा झाल्यावर म्हणाला, "इकडचे सगळे धबधबे मला माहीत आहेत, डॉक्टर एकही नाही." काय बोलणार यावर!

व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त असेल तर आल्यापासून १४ दिवसांत सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. त्यासाठी राहण्याच्या जागेचे कागद लागतात आणि घरमालकाशी मराठीत बोलणारं कुणीतरी सोबत लागतं. बसच्या पाटीवरचे मराठी आकडे वाचता यावे लागतात. दहा आकडे शिकवायला पंधरा मिनिटं पुरतात, आम्ही वर्षभर शिकवले नव्हते.

फिरायला नेऊच नका असं नाही. त्याच ट्रिपमध्ये त्याने तलावाकडे बघून विचारलं होतं, "या पाण्याखाली काय आहे?" आम्ही गाडीतच गुगल केलं. टाटांच्या धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला, नेते सेनापती बापट. आपल्याला त्यांच्या नावाचा रस्ता माहीत, तोही ट्रॅफिकमुळे! आणि हे बापट स्वतः इंजिनीअरिंग शिकायला एडिंबराला गेले होते, म्हणजे परक्या गावातले विद्यार्थीच. हे वाचल्यावर त्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि परतीच्या वाटेवर आम्ही याच विषयावर बोलत राहिलो. त्या दिवसाचा एकही फोटो मी आता उघडून बघत नाही, पण ते बोलणं आठवतं.

आकडे शेवटी यंदा जूनमध्ये शिकवले. गेल्या रविवारी तो एकटाच बसने पौडला जाऊन भाजी घेऊन आला. मेथी समजून शेपू आणली होती, पण आणली. आम्ही तीच करून खाल्ली.