तक्रार करणारी श्रद्धा

१८९७ च्या उन्हाळ्यात पुणं प्लेगनं हादरलं होतं. घराघरांची झडती, माणसांची छावण्यांत रवानगी, प्लेग अधिकारी रँडसाहेबाचे गोरे शिपाई अशा त्या दिवसांत, मे महिन्यात, ‘बॉम्बे गार्डियन’ या मुंबईच्या ख्रिस्ती साप्ताहिकात एक पत्र छापून आलं. प्लेगच्या इस्पितळात आणि विलगीकरणाच्या छावण्यांत बायकांची अब्रू सुरक्षित नाही, असा उघड आरोप त्यात होता. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोचलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळून लावले. पत्र लिहिणारी बाई स्वतः ख्रिस्ती होती, चौदा वर्षांपूर्वी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेली. राज्यकर्त्यांचा धर्म स्वीकारला म्हणून त्यांच्याशी जुळवून घेणं पंडिता रमाबाईंना कधी जमलंच नाही.

अडचणीच्या काळात श्रद्धा माणसाला आधार देते, असं आपण सहज बोलून जातो. बोलताना डोळ्यांसमोर असतो तो हात जोडून गप्प बसलेला, सोसणारा माणूस. ख्रिस्ती माणसाबद्दल तर हा समज अधिकच पक्का. एका गालावर मारली की दुसरा पुढे करायचा, एवढंच आपल्याला त्याच्या धर्माविषयी ठाऊक असतं. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती श्रद्धेचा सर्वांत ठसठशीत दाखला मात्र वेगळंच सांगतो. रमाबाईंच्या आशेत तक्रार होती, भांडण होतं आणि दोन हजारांच्या घरातल्या पोटांचा रोजचा हिशेब होता.

त्यांच्या वाट्याला आलेलं दुःख आधी पाहायला हवं, कारण ते सोडून या श्रद्धेविषयी बोलणं पोकळ होईल. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. पुराणं सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळानं त्यांना गाठलं. उपास, जप, दानधर्म सगळं झालं. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईची तिरडी उचलायला माणसं पुरेनात, तेव्हा रमाबाईंनीच खांदा दिला. उंची कमी पडली म्हणून ते ओझं त्यांना डोक्यावर घ्यावं लागलं. उरलेली दोन भावंडं, रमाबाई आणि त्यांचा भाऊ, देशभर पायी फिरली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीनं जीव जाऊ लागला, तेव्हा दोघांनी खड्डे खणले आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊ गेला. लग्न केलं, तर पुढे दोन वर्षंही झाली नाहीत तोच पती बिपिनबिहारी कॉलऱ्यानं गेले. तेव्हा रमाबाई पुरत्या चोवीस वर्षांच्याही नव्हत्या आणि पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

अशी बाई देव कवटाळून बसेल किंवा सोडून देईल, यांतलं काहीतरी एकच आपल्याला अपेक्षित असतं. रमाबाईंनी देवाला प्रश्न विचारत राहण्याची वाट धरली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. डॉक्टर व्हायचं म्हणून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येऊ लागल्यानं तो बेत राहिला. वाँटेजच्या ज्या भगिनींच्या मठात त्या उतरल्या होत्या, तिथेच त्यांच्याबरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

आता त्या निमूट होतील, असं मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना वाटलं असावं. झालं उलटंच. त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंच्या बुद्धीला पटेना आणि चर्च म्हणतं म्हणून मान्य करायला त्यांची तयारी नव्हती. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असाही वाद पत्रांतून झाला. खाण्यापिण्याचे आपले नियम त्यांनी सोडले नाहीत, त्यावरूनही कुरबुरी झाल्या. पंतोजी आणि हट्टी विद्यार्थिनी यांच्यातली ही पत्रं वाचताना आजही गालात हसू येतं, कारण विद्यार्थिनी बहुतेक वेळा वरचढ ठरते. पुढे ‘अ टेस्टिमनी’ या १९०७ च्या पुस्तिकेत रमाबाईंनी कबुली दिली की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढं मोकळेपणानं लिहिणारी साक्ष विरळाच.

देवाकडे तक्रार करणं ही श्रद्धेतली उणीव समजली जाते. बायबल वाचणाऱ्याला तरी तसं समजायचं कारण नाही. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं म्हणजे सरळ गाऱ्हाणी आहेत. ईयोब आपल्या समजूतदार मित्रांवर चिडतो आणि देवालाच जाब विचारतो. अखेरीस देव रागावतो तो मित्रांवर. वधस्तंभावरचा येशूचा आक्रोश म्हणजे बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात. मराठी माणसाला यात परकं काय वाटावं? विठोबाशी हक्कानं भांडणारा तुकोबा आपल्या घरचाच. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असं रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, त्यामागे हीच ओळख असणार.

तक्रारीनंतर येतं ते काम, आणि इथे केडगाव येतं. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपासमारीच्या बातम्या आल्या, तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली आणि बायका घेऊन परतल्या. भूक कशी असते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. प्लेगमुळे एवढी माणसं पुण्यात ठेवायला सरकारची मनाई होती. दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांनी आधीच जमीन घेऊन झाडं लावली होती. तिथे तंबू पडले, पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, विहिरी खणल्या गेल्या. १९०० मध्ये गुजरातेतल्या दुष्काळातून आणखी बायका आल्या आणि ‘मुक्ती’ या केडगावच्या संस्थेतली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. पैशाची हमी म्हणावी तर नव्हती. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशननं मदतीसाठी दिलेला दहा वर्षांचा शब्द १८९८ मध्ये संपला होता. माणसांपुढे हात न पसरता ब्रिस्टलला अनाथालय चालवणाऱ्या जॉर्ज म्युलरचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं आणि त्या बळावर त्यांनी हे धाडस केलं. पण प्रार्थनेला बसलेल्या बाईनं शेती, दुभती जनावरं, हातमाग, तेलघाणा आणि छापखाना यांचीही घडी बसवली होती, हे विसरता कामा नये. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवायचं काम हाती घेतलं. परित्यक्ता आणि फसवल्या गेलेल्या बायकांसाठी ‘कृपासदन’ निघालं.

या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. उपाशी माणसाला भाकरी देणाऱ्यानं धर्मही द्यावा का? रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा उघडली ती धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या वचनावर. संस्था पुण्याला आली आणि १८९३ मध्ये वाद पेटला. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, असं उघड झाल्यावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, ‘केसरी’नं तोफ डागली, पालकांनी मुली काढून नेल्या. माझ्या खोलीचं दार उघडं असतं, मी कुणाला बोलावत नाही, असं रमाबाईंचं म्हणणं. ते खरंही असेल. पण ज्या घराची मालकीण, शिक्षिका आणि अन्नदाती एकच बाई आहे, त्या घरातलं उघडं दारही तटस्थ नसतं. केडगावला त्यांनी हे सोंग ठेवलं नाही, संस्था उघडपणे ख्रिस्ती केली. ते अधिक प्रामाणिक होतं. तरीही दुष्काळातल्या पोरक्या मुलीच्या ‘होकारा’चं वजन किती धरायचं, हा प्रश्न उरतोच. दुसऱ्या बाजूला, रमाबाईंवर तुटून पडलेल्यांपैकी किती जणांनी मध्य प्रांतातून एक तरी मुलगी घरी आणली, हेही विचारायला हवं. शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली आणि हिंदूच राहिली, हेही या हिशेबात मांडलं पाहिजे.

आजच्या ख्रिस्ती समाजाला हा इतिहास थोडा टोचायला हवा. गावोगावी चंगाई सभा भरतात. आजार पळेल, कर्ज फिटेल, नोकरी लागेल, असं व्यासपीठावरून सांगितलं जातं, आणि तसं झालं नाही की दोष सभेला आलेल्याच्या विश्वासावर ढकलला जातो. ईयोबाच्या मित्रांनी नेमकं हेच केलं होतं. अशा सभांचा हा व्यवहार ख्रिस्ती श्रद्धेची सर्वांत मोठी हानी करतो, बाहेरच्या टीकेहून कितीतरी जास्त. रमाबाईंच्या घरात चमत्कारानं कुणाचं दुःख टळलं नाही. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या, जिच्या हाती संस्था सोपवायची तीच लेक. साठी ओलांडलेली, कानांनी अधू झालेली आई तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतरात गढलेली होती. हिब्रू आणि ग्रीक शिकून, संस्कृतप्रचुर शब्द टाळून, साध्या बाईला कळेल अशा मराठीत. खिळे जुळवायला केडगावच्याच बायका. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचं निधन झालं, तोवर मुद्रितं तपासून झाली होती. समग्र बायबल १९२४ मध्ये निघालं.

शाळेच्या पुस्तकात त्या समाजसुधारक म्हणून भेटतात आणि श्रद्धेचा विषय एका ओळीत आटोपतो. चर्चच्या कार्यक्रमांत त्या संत म्हणून भेटतात आणि सगळी भांडणं गायब होतात. दोन्हीकडे अर्धीच बाई उरते. पुरी बाई हवी असेल तर ‘अ टेस्टिमनी’च्या शेजारी जेराल्डीन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार ठेवून वाचावा. तो अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९७७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. सरकारी मंडळाचं पुस्तक आहे, जुन्या ग्रंथालयांत शोधलं तर सापडतं.