सूर्य विकणाऱ्याचे वेतन

२२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत रामलल्लाची प्राणप्रतिष्ठा झाली आणि त्याच दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी एक कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसवण्याचा संकल्प जाहीर केला. सूर्यवंशी रामाच्या मंदिराचा दिवस आणि सूर्याच्या ऊर्जेचा संकल्प हा योग अनेकांच्या मनाला स्पर्शून गेला. पुढे फेब्रुवारीत ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ या नावाने ती योजना अवतरली. तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर झाला आणि मार्च २०२५ पर्यंत दहा लाख घरांवर संच बसलेही. गुजरातपाठोपाठ या कामी महाराष्ट्राचे नाव घेतले जाते, ही आपल्यासाठी समाधानाची बाब आहे.

योजना दिल्लीत आखली जाते. पण ती घरात आणतो कोण? सुरुवातीला नोंदणीसाठी पोस्टमन दारोदार गेले. आज मात्र बहुतेक ठिकाणी पाठीला पिशवी, हातात मोबाइल आणि ओठांवर ‘काका, लाइट बिल शून्य’ हे वाक्य असलेला एक पंचविशीचा तरुण दारात उभा राहतो. या तरुणाला पैसे कोण देतो, किती देतो आणि मुख्य म्हणजे कशाचे देतो, हा प्रश्न आपण त्याला कधी विचारत नाही. आपल्या छपरावर पुढील पंचवीस वर्षे काय बसणार आहे, याचे निम्मे उत्तर मात्र त्या प्रश्नात दडलेले असते.

त्याच्या मिळकतीची रचना साधारणपणे अशी असते. काही ठेकेदार जेमतेम पगार देतात व त्यावर कमिशन. पुष्कळ ठिकाणी पगार हा प्रकारच नसतो. तरुणाला ‘फ्रीलान्सर’ किंवा ‘चॅनेल पार्टनर’ असे भारदस्त नाव दिले जाते आणि विकलेल्या प्रत्येक किलोवॉटमागे ठरावीक रक्कम त्याच्या हातावर ठेवली जाते. ही रक्कम गावागणिक आणि ठेकेदारागणिक बदलते. नुसता पत्ता आणून देणाऱ्याला थोडी, सही घेऊन येणाऱ्याला अधिक. ग्राहकाची आगाऊ रक्कम अथवा बँकेचे कर्ज जमा झाले की पहिला वाटा आणि संच बसला की उरलेला. ग्राहकाने मध्येच माघार घेतली तर दिलेले कमिशन पुढच्या हिशेबातून कापून घेतले जाते. पेट्रोल त्याचे, मोबाइलचा खर्च त्याचा, आणि पावसाळ्यात छपरावर काम थांबले की त्याची चूलही मंदावते.

आता या रचनेचा ग्राहकाच्या घरावर काय परिणाम होतो, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका निवृत्त शिक्षकांच्या घरी महिन्याला १४० युनिट वीज लागते. सरकारचाच तक्ता सांगतो की, दरमहा १५० युनिटपर्यंत वापर असलेल्या घराला १ ते २ किलोवॉटचा संच योग्य. एक किलोवॉट संच आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो, असे धरले तरी २ किलोवॉटमधून महिन्याला २४० युनिट मिळतात, म्हणजे गरजेपेक्षा शंभर युनिट अधिक. परंतु विक्रेत्याचे पोट किलोवॉटवर अवलंबून आहे. तो म्हणतो, “गुरुजी, दोनवर थांबलात तर अनुदान साठ हजार. तीन घेतलेत तर अठ्ठ्याहत्तर हजार. सरकार देतेय ते का सोडता?” वाक्यातील प्रत्येक आकडा खरा आहे. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असेच अनुदान आहे. न सांगितलेली गोष्ट एवढीच की, सरकारने तिसऱ्या किलोवॉटसाठी धरलेला प्रमाण खर्च ४५ हजार आहे. म्हणजे १८ हजारांच्या मोहापायी गुरुजी खिशातले २७ हजार अशा विजेसाठी घालतात, जी त्यांना लागतच नाही. उरलेले युनिट ग्रिडमध्ये जमा होतात हे खरे. पण वर्षाअखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटला मिळणारा दर हा आपण वीज विकत घेतो त्या दराच्या जवळपासही नसतो. उद्या घरात वातानुकूलन यंत्र किंवा विजेवरची स्कूटर येणार असेल, तर हिशेब बदलेल, हे मान्य. पण तसे विचारण्याची तसदी कोण घेतो?

येथे त्या तरुणाला लबाड ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तसे करणे अन्यायाचे ठरेल. ज्याची दिवाळी एका सहीवर अवलंबून आहे, त्याने ‘तुम्हाला लहान संच पुरेल’ असे सांगावे, ही अपेक्षा साधुसंतांकडून करावी. संसारी माणसाकडून नव्हे. दोष रचनेचा आहे. (आणि थोडा नावाचाही. ‘मुफ्त’ हा शब्द प्रस्तुत लेखकाला कधीच रुचला नाही. ज्या संचासाठी कुटुंब लाखाहून अधिक रुपये उभे करते, त्याची वीज फुकट कशी? विक्रेत्याचे अर्धसत्य त्या शब्दाच्या आडोशाने वाढते.)

दार न ठोठावलेली घरे

जिथे जादा विकले जाते तिथल्या नुकसानीची निदान तक्रार तरी होते. जिथे विक्रेता फिरकतच नाही, तिथले नुकसान कोणाच्या नोंदीत येत नाही. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे आणि महिन्याला शंभर युनिटही न जाळणारी घरे, यांच्यासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ ही योजना आणली. केंद्राच्या अनुदानात राज्याची भर घालून १ किलोवॉटचा संच त्यांच्या आवाक्यात यावा, हा तिचा हेतू. हेतू उत्तमच आहे. पण किलोवॉटवर पोसल्या जाणाऱ्या तरुणाला वाड्यावस्तीवरच्या एका किलोवॉटमागे धावणे परवडत नाही. बंगल्याच्या कॉलनीत एका सायंकाळी पाच किलोवॉट निघतात. वस्तीवर त्यासाठी पाच घरे, पाच जोडी कागदपत्रे आणि पाच वेळा समजावून सांगणे. अंत्योदयाचा विचार मानणाऱ्या सरकारची योजना कमिशनच्या गणितामुळे शेवटच्या माणसापूर्वीच थांबत असेल, तर ते गणित तपासणे हे आपलेच काम आहे.

कमिशनची ही पद्धत टोकाला गेली की काय होते, हे पाहायचे तर अमेरिकेकडे पाहावे. तेथे घरोघरी सौरसंच विकणारे बहुसंख्य प्रतिनिधी केवळ कमिशनवर जगतात. अनेक कंपन्या प्रतिवॉट एक तळाची किंमत ठरवून देतात. तिला त्यांच्या भाषेत ‘रेडलाइन’ म्हणतात. तिच्यावर जितके अधिक उकळाल, तितके तुमचे. समजा, तळाची किंमत अडीच डॉलर आहे आणि विक्रेत्याने साडेतीन डॉलरला सौदा पटवला, तर ६ किलोवॉटच्या संचावर ६,००० डॉलर त्याच्या पदरात. शेजारच्या दोन घरांत तोच संच दोन किमतींना विकला जातो, तो यामुळेच. त्यात कर्जाची भर पडते. व्याजदर कमी दाखवायचा आणि ‘डीलर फी’ नावाची रक्कम मुद्दलात गुपचूप मिसळायची, ही तिथली रीत. तेथील ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने ऑगस्ट २०२४ मधील अहवालात नोंदवले की, अशा शुल्कांमुळे कर्जाची रक्कम रोखीच्या किमतीपेक्षा अनेकदा ३० टक्के वा त्याहून अधिक फुगते. त्याच वर्षी मार्चमध्ये मिनेसोटा राज्याच्या महाधिवक्त्यांनी चार सौर-कर्ज कंपन्यांना न्यायालयात खेचले. ऑगस्टमध्ये सनपॉवर ही जुनी नामांकित कंपनी दिवाळखोरीत गेली आणि घरगुती सौरसंचावरील संघराज्याची करसवलतही ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. सूर्य तिथेही तोच आहे. विश्वास मात्र उरलेला नाही.

आपल्याकडे सरकारने एक शहाणपण आधीच दाखवले आहे. कर्ज विक्रेत्याच्या हाती न देता बँकांकडे ठेवले. योजना सुरू झाली तेव्हा ते सुमारे सात टक्के दराने, विनातारण देऊ केले गेले. अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यात जाते. त्यामुळे अमेरिकेतील लुटीचे एक दार आपल्याकडे बंद आहे. कमिशनचे दार मात्र सताड उघडे आहे.

ते कसे लोटायचे, यासाठी परदेशी तज्ज्ञ आणण्याची गरज नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात व्यापाऱ्यांपासून प्रजेच्या रक्षणासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि स्वदेशी मालावर शेकडा पाच व परदेशी मालावर शेकडा दहा नफ्याची मर्यादा घातली. आजच्या काळात ती मर्यादा जशीच्या तशी लावता येणार नाही. परंतु मध्यस्थाचा वाटा उघड असावा, हे तत्त्व आपण अलीकडेच एका क्षेत्रात यशस्वीपणे राबवले आहे. १ ऑगस्ट २००९ पर्यंत म्युच्युअल फंडात पैसे गुंतवताना ग्राहकाच्या रकमेतून परस्पर ‘एन्ट्री लोड’ कापला जाई. सेबीने तो बंद केला आणि वितरकाला आपले कमिशन ग्राहकाला सांगणे भाग पाडले. ऑक्टोबर २०१८ मध्ये आणखी पुढचे पाऊल पडले. सुरुवातीलाच एकरकमी कमिशन देण्याऐवजी, गुंतवणूक टिकेल तोवर थोडे थोडे देण्याची ‘ट्रेल’ पद्धत सक्तीची झाली. हा उद्योग बुडणार, अशी हाकाटी तेव्हा झाली होती. आज तो तेव्हापेक्षा कितीतरी मोठा आहे.

विम्याच्या एजंटाचे उदाहरण तर घराघरांतले. पहिल्या वर्षी त्याला घसघशीत मिळते हे खरे, आणि त्यातून चुकीच्या पॉलिसी गळ्यात मारल्या गेल्या हेही खरे. पण पुढेही हप्ता भरला जाईल तोवर त्याला दरवर्षी काहीतरी मिळत राहते, म्हणून तो दिवाळीला घरी येतो, हप्त्याची आठवण करतो आणि दुर्दैवाने प्रसंग ओढवला तर कागदपत्रे घेऊन विधवेच्या दारात उभा राहतो. सौरसंच विकणारा तरुण तिसऱ्या महिन्यात फोन उचलत नाही. नात्याची रक्कम सहीबरोबर चुकती झालेली असते.

घरामागे मोबदला

या योजनेत ठेकेदाराने पाच वर्षे देखभाल करावी, अशी अट आहेच. अनुदान हवे तर सौरपट्ट्या आणि त्यांतील सेलही भारतात बनलेले हवेत, ही स्वदेशीची अटही आहे. सार्वजनिक पैसा ज्या व्यवहारात जातो, त्याला अटी घालण्याचा अधिकार सरकारला असतो आणि तो सरकारने वापरलेला आहे. मग आणखी एक अट घालण्यास हरकत कोणती? मोबदला किलोवॉटमागे न देता घरामागे द्यावा. एक किलोवॉटच्या घराला आणि पाच किलोवॉटच्या बंगल्याला सारखीच रक्कम. त्यातील काही भाग सहीनंतर, काही नेट मीटर बसून अनुदान जमा झाल्यावर, आणि उरलेला वर्षभराने, संचाने कोटेशनमध्ये लिहिलेली वीज खरोखर दिल्यानंतर. किती वीज तयार झाली, याचा आकडा हल्ली मोबाइलवरच दिसतो. त्यासाठी इन्स्पेक्टर पाठवावा लागत नाही. मध्यस्थाची ही रक्कम कोटेशनवर स्वतंत्र ओळीत छापलेली असावी.

ठेकेदार म्हणतील, आमचा नफा आधीच पातळ आहे आणि वर्षभर थांबायला कोणता पोरगा तयार होईल? दुसरा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच या रचनेला किमान मासिक वेतनाची जोड हवी. पूर्वी औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींची हीच कथा होती. ते कामगार की अधिकारी, हेच ठरत नव्हते. त्यांच्यासाठी १९७६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या, तेव्हा तो कायदा त्यांत सामावला गेला. ‘चॅनेल पार्टनर’ या गोंडस नावाखाली राबणाऱ्या या तरुणांना निदान नेमणूकपत्र मिळावे, यासाठी कोणी आवाज उठवायचा? देशहितासाठी राबावे आणि कामाचा पूर्ण दामही घ्यावा, ही शिकवण दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय मजदूर संघाची आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, ते ग्राहकाचे शोषण थांबावे म्हणून. या प्रश्नात कामगार आणि ग्राहक दोघेही एकाच कमिशनचे बळी आहेत. त्यामुळे या दोन्ही चळवळींनी एकत्र बसून एक नमुना कोटेशन जरी तयार केले, तरी सरकारी आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.

तोवर निदान गृहनिर्माण संस्थांना आणि शाखेच्या परिसरातील कुटुंबांना एवढे करता येईल. तरुण दारात आला की त्याला पाणी द्यावे, बसवावे, आपली बारा महिन्यांची वीजबिले त्याच्यासमोर ठेवावीत आणि विचारावे, “बाळ, तुला किलोवॉटवर मिळते की घरावर?” उत्तर किलोवॉटचे आले, तर त्याने सांगितलेल्या क्षमतेची सरकारी तक्त्याशी पडताळणी करावी आणि राष्ट्रीय पोर्टलवरील नोंदणीकृत ठेकेदारांपैकी आणखी दोघांची कोटेशन मागवावीत. सौरपट्ट्या भारतीय सेलच्या आहेत का, पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे आणि वर्षाला किती युनिटची हमी, हे कोटेशनवरच लिहून घ्यावे. तोंडी शब्दावर सही करू नये, मग तो तरुण ओळखीतला का असेना.