दंडाशिवाय बेल्ट लागत नाही

‘सीटबेल्टसाठी दंड नको, प्रबोधन करा’ असा सूर लावणारे पत्र वाचले. प्रबोधन हवेच, पण तेवढ्याने भागत नाही, हा ब्रिटनचा अनुभव आहे. तिथे वर्षानुवर्षे जाहिराती करूनही पुढच्या सीटवरचे जेमतेम 40 टक्के लोक बेल्ट लावत. 31 जानेवारी 1983 पासून सक्ती झाली आणि हे प्रमाण 90 टक्क्यांवर गेले. आपल्याकडे सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळच्या अपघातात मागच्या सीटवरील उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा बेल्टची चर्चा घरोघरी झाली. तरीही बेल्ट न लावता गाडीचा गजर गप्प करणाऱ्या क्लिपा खपतच राहिल्या. अखेर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्यांची विक्री थांबवण्याचा आदेश द्यावा लागला.

‘ज्याचा जीव त्याची मर्जी’ हा युक्तिवाद मुलांबाबत तर टिकतच नाही. पुढच्या सीटवर मांडीवर बसवलेल्या बाळाला उघडणारी एअरबॅगच घातक ठरते. चौदा वर्षांखालील मूल बेल्ट वा चाइल्ड सीटविना नेल्यास 1000 रुपये दंडाची तरतूद 2019 च्या दुरुस्तीने केली. ती कागदावरच राहिली. चाइल्ड सीट महाग आहे, हे खरे. म्हणून सरकारने त्यावरील कर कमी करावा, पण मागचा बेल्ट गाडीतच असतो, तो फुकट आहे. चिरीमिरीची भीती असेल तर रोख वसुली बंद करून टोलनाक्यांवर तपासणी आणि ई-चलन करावे. वसुलीतल्या खोटीवर उपाय वसुली सुधारणे हा आहे, कायदा गुंडाळणे नव्हे.

– एक वाचक, ठाणे